हृदयामागची नळी

हा एक्स-रे बघा. पेशंटला बेरियमचं पांढरं पाणी पाजून काढलाय. एरवी अन्ननलिका म्हणजे बोटभर रुंदीची नळी, पण इथं छातीत कुणी पांढरी थैली टांगून ठेवलीये असं वाटतं, आणि खाली जठराच्या तोंडाशी तीच थैली एकदम पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती. काल रात्रीचा भात अजून वरच अडकलेला असू शकतो. ब्राझीलमध्ये मिनास जेराइस, गोयास या भागांत गावाकडची माणसं याला 'माल द एंगास्गो' म्हणतात, म्हणजे घास अडकण्याचं दुखणं. प्रत्येक घासामागं पाण्याचा घोट, आणि घरातल्या सगळ्यांचं जेवून झालं तरी हा माणूस आपला ताटावरच.

हा चागासचा आजार, आणि त्याचं कारण सापडलं ते भलतीकडंच. मिनास जेराइसमधल्या लासान्स गावात रेल्वेचं काम चाललं होतं, मजुरांना मलेरिया व्हायचा म्हणून डॉक्टर कार्लोस चागास तिथं गेलेले, रेल्वेच्या डब्यातच राहायचं आणि तिथंच प्रयोगशाळा. कुडाच्या घरांच्या भेगांमध्ये एक किडा असायचा, ढेकणासारखा रक्त पिणारा पण चांगला मोठा, रात्री झोपलेल्याच्या तोंडाला चावतो म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलेलं बार्बेइरो, म्हणजे न्हावी! त्याच्या पोटात चागासना परजीवी दिसला आणि १४ एप्रिल १९०९ ला तोच एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात सापडला. किडा चावतो आणि तिथंच घाण करतो, आपण खाजवतो, आणि ती घाण जखमेत जाते. एवढंच होतं.

परजीवी अंगात शिरल्यानंतर वीस-वीस वर्षं काही त्रास नाही. मग हळूहळू कळतं की अन्ननलिकेच्या भिंतीतल्या मज्जापेशीच मेल्यात. ब्राझीलमधल्याच रिबेरांव प्रेतो इथं फ्रिट्झ कोबर्ले नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९५० च्या दशकात शवविच्छेदनातल्या या पेशी अक्षरशः मोजून दाखवल्या. पेशी नाहीत म्हणून नळी घास पुढं ढकलत नाही आणि खालचा दरवाजा उघडत नाही. नळी फुगत जाते, आणि १० सेंटिमीटरच्या वर गेली की चौथी, शेवटची पायरी.

आता मुख्य मुद्दा. हाच परजीवी हृदयातपण शिरलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं जुनाट आजारात ३० टक्क्यांपर्यंत लोकांना हृदयाचा त्रास होतो, आणि काही जणांच्या नशिबी दोन्ही येतात. इसीजीवर उजव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (म्हणजे ठोक्याचा वीजसंदेश नेणाऱ्या वायरिंगमधला अडथळा) आणि जोडीला डाव्या वायरिंगच्या पुढच्या फांदीचा ब्लॉक दिसला की तिथले डॉक्टर लगेच चागास म्हणतात. काहींच्या हृदयाच्या टोकाला फुगा आलेला असतो, त्यात रक्ताची गुठळी बसते, ती सुटून मेंदूत गेली की पॅरालिसिस. आणि पेशंट मात्र आला असतो घास अडकतो म्हणून!

ऑपरेशन दोन तऱ्हेचं. आजार फार पुढं गेला नसेल तर खालच्या दरवाजाचा स्नायू कापतात, हेलर मायोटॉमी. शेवटच्या पायरीला अख्खी नळीच काढतात आणि जठराची नळी करून मानेपर्यंत वर ओढून तिथं जोडतात. छाती न उघडता पोटातून आणि मानेतून हे करायचं तर सर्जनचा हात हृदयाच्या मागून जातो. नळी डाव्या कर्णिकेला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याला, चिकटूनच असते ना. हात आत गेला की हृदय दाबलं जातं, बीपी धाडकन खाली, ठोके वेडेवाकडे, भूलतज्ज्ञ म्हणतो थांबा, सर्जन हात बाहेर घेतो, मग परत. धडधाकट हृदय हे सोसतं, चागासचं हृदय सोसेलच असं नाही. ठोके मंदावले तर ते वाढवणाऱ्या अॅट्रोपिनवर फार विसंबता येत नाही, कारण ते औषध ज्या नसांच्या भरवशावर काम करतं त्याच गेलेल्या असतात, म्हणून तात्पुरत्या पेसमेकरची तार हाताशी ठेवलेली बरी.

पण खरी परीक्षा आयसीयूत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सलाईन थोडं जास्त झालं की कमजोर हृदयामुळं फुफ्फुसात पाणी, कमी झालं की बीपी नाही. वर पेशंट महिनोन् महिने नीट जेवलेला नाही, नळीतून फीड जोरात चालू केलं तर फॉस्फरस आणि पोटॅशियम खाली जातं आणि ठोके बिघडतात, त्यामुळं घाई केलेली मला तरी परवडणारी वाटत नाही. अचानक एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड, सुरू झालं तर फक्त हृदयाचं औषध देऊन मोकळं होता येत नाही, मानेतला जोड गळतोय का तेपण बघावं लागतं. यात अजून एक मेख आहे, पेशंट पेसमेकरवर किंवा ठोके आवरणाऱ्या अमिओडॅरोन या औषधावर असेल तर ताप आला, गळती झाली तरी नाडी हवी तेवढी पळतच नाही, मॉनिटर आपला शांत.

आपल्याकडं चागास नाही.

ब्राझीलमध्ये घरात राहणाऱ्या मुख्य जातीच्या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचं २००६ मध्ये जाहीर झालं. पण लहानपणी कुडाच्या घरात झोपलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत, ती येत राहतात. ऑपरेशनच्या आठवड्यानंतर रंगीत पाणी प्यायला देऊन जोड तपासतात, आणि मग पहिला घोट खऱ्या पाण्याचा. पेशंट सवयीनं घोट घेऊन थांबतो, छातीवर हात ठेवतो, कुठं अडकतंय का बघतो. पाणी खाली जातं. नर्स मात्र मॉनिटरकडं बघत असते.