शेकोटीपाशी थरथरणारी मुलगी

नमस्कार, श्रोतेहो. गोष्ट १९५३ सालची. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत जॉन मॅकआर्थर नावाचा ऑस्ट्रेलियन अधिकारी फोरे लोकांच्या मुलखात गस्तीवर होता. शेकोटीपाशी एक लहान मुलगी बसलेली त्याला दिसली. अंग थरथरतंय, मान झटके खातेय. लोक म्हणाले, करणी झालीय, ही वाचायची नाही. साहेबाने ते टिपून ठेवलं.

अशा साहेबाला तिथल्या टोक पिसिन भाषेत ‘किआप’ म्हणत. सोबत शिपाई, ओझी वाहणारे, दुभाषे. गाव रांगेत उभं करायचं, माणसं मोजायची, तंटे तोडायचे, परतल्यावर अहवाल द्यायचा. आपल्याकडच्या कलेक्टरचा दौरा आठवला ना? फक्त हा पायी.

१९७५ ला देश स्वतंत्र झाला, अहवाल सरकारी दप्तरात राहिले. आता सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयामुळे हजारो अहवाल घरबसल्या वाचता येतात.

पण वाचायचे कसे? ‘गैरहजर’ म्हणून नोंदलेला माणूस बागेत गेला असेल, नाहीतर साहेब येतोय म्हणून रानात लपला असेल. ‘गाव चांगलं’ म्हणजे बऱ्याचदा वाट साफ आणि संडास खणलेले, एवढंच. त्यात बोललेला शब्द फोरेतून टोक पिसिनमध्ये आणि तिथून इंग्रजीत यायचा. मध्ये किती सांडलं असेल!

त्या थरथरीला फोरे ‘कुरू’ म्हणत. १९५७ मध्ये झिगास आणि गायडुसेक या डॉक्टरांनी तिची माहिती जगाला दिली. रोगी बहुतेक बायका आणि मुलं, आणि आजार एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा दिसायचा, म्हणून तो आनुवंशिक असावा असा तर्क निघाला. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ गावात राहिले आणि घरोघरच्या वंशावळ्या विचारत बसले. हे काम किआपच्या दौऱ्यात बसणारं नव्हतं, मुक्कामच दोन-चार दिवसांचा. म्हातारी माणसं सांगू लागली, हा आजार आमच्या डोळ्यांदेखत आला, पूर्वी नव्हता. मग आनुवंशिक कसा असेल?

मयताला जाळण्या-पुरण्याऐवजी शोकविधीत खाण्याची चाल होती, आणि तिच्यात पुढे असायच्या बायका-मुलं. कुरू पसरत होता तो याच वाटेने. सरकारने ती बंद पाडली. इथे अहवाल पुन्हा उपयोगी पडतात, कारण कोणत्या भागात सरकारी पाय कधी पोचला हे त्यांत तारखेसकट आहे. चाल थांबल्यावर जन्मलेल्या कुणालाच कुरू झाला नाही. आधी जन्मलेल्या काहींना मात्र त्याने ५० वर्षांनंतरही गाठलं.