प्रतिमल्ल : ग्रीकांच्या शब्दांत

(दृश्य : म्युनिकच्या संग्रहालयातला दोन कानांचा कुंभ)

हा कुंभ अथेन्सचा, इ.स.पू. ५१० च्या सुमाराचा. उंची साधारण ६० सेंटीमीटर. तिघं जण पिऊन नाचतायत. मधल्याची पाठ आपल्याकडे आहे, आणि त्याच्या अंगातला पीळ बघा. माणूस असा वळलेला काढणं तेव्हा नवं होतं. शेजारी बारीक अक्षरं आहेत : 'होस ऊदेपोते एउफ्रोनिओस'. म्हणजे, असं एउफ्रोनिओसला कधीच जमलं नाही! लिहिणारा या कुंभाचा चित्रकार एउथिमिदेस, आणि एउफ्रोनिओस त्याच्याच कसबातला प्रतिस्पर्धी.

अशा प्रतिस्पर्ध्याला ग्रीकमध्ये 'आन्तितेख्नोस' म्हणत. 'तेख्ने' म्हणजे कसब. त्याच कसबात समोर उभा ठाकलेला तो.

(दृश्य : भट्टी)

कसब किती, ते भट्टी सांगते. कुंभाचा हा काळा भाग रंग नव्हे, गाळून घेतलेल्या बारीक मातीचा लेप आहे. आधी भट्टीत हवा खेळती ठेवायची. मग ९०० अंशांच्या आसपास झरोके बंद करून ओलं लाकूड घालायचं. अख्खं भांडं काळं पडतं. पुन्हा हवा सोडली की उघडी माती लाल होते, घट्ट बसलेला लेप मात्र काळाच राहतो. लेप पातळ बसला, की काळ्यात तांबूस डाग उठतात.

(दृश्य : ऑलिंपियाच्या आखाड्याचे खांब)

इथला शब्द 'आन्तिपालोस'. 'पाले' म्हणजे कुस्ती. मराठीत याला हुबेहूब शब्द आहे : प्रतिमल्ल. तो हाताशी असताना भाषांतरात सरसकट 'शत्रू' का लिहावं? वैऱ्याला ग्रीकांकडे 'एख्थ्रोस' आहे, युद्धातल्या शत्रूला 'पोलेमिओस'.

जोड लावायची रीतही शब्दांत उतरली आहे. चांदीच्या कलशात घेवड्याच्या बीएवढ्या चिठ्ठ्या, एकेक अक्षर दोन चिठ्ठ्यांवर. सारखं अक्षर निघालं की जोड ठरली. मल्लांची संख्या विषम असली तर एकटा उरलेला 'एफेद्रोस', बसून राहिलेला. तो ताज्या दमानं, दमलेल्या विजेत्याशी भिडतो. तीनदा पाडलं की जिंकला. समोर कुणी उतरलंच नाही, तर विजय 'अकोनिती' : धूळ न लागता.

हेसिओद हा ग्रीक कवी दोन 'एरिस', म्हणजे चुरशीच्या दोन देवता, मानतो : एक आळशालाही कामाला लावते, दुसरी युद्ध पेटवते.

(दृश्य : कुंभाची दुसरी बाजू)

इकडे ट्रॉयचा वीर हेक्टर चिलखत चढवतोय. शेजारी सही आहे : पोलिआसचा मुलगा एउथिमिदेस यानं रंगवलं.