रक्तातला माग

नमस्कार श्रोतेहो. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. तरी फॉलो-अपला गेलेली बाई डॉक्टरांना विचारतेच, "आत काही उरलं नाही ना?" याचं उत्तर साध्या रक्तातून मिळेल का, हा आजचा विषय.

पण आधी एक किस्सा. हाँगकाँगचे डॉ. डेनिस लो. पोटातल्या बाळाची तपासणी सुई न टोचता, आईच्या रक्तावरून करायची, हा त्यांचा ध्यास. आठेक वर्षं ते आईच्या रक्तात बाळाच्या पेशी शोधत होते. हाती फारसं लागेना. १९९६ साली त्यांच्या वाचनात आलं, की कर्करोगाच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी बाजूला काढल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागात, सापडतो. पेशी मरतात, फुटतात, डीएनए रक्तात मोकळा होतो. लोंच्या मनात आलं, एवढीशी गाठ डीएनए सोडते, मग अख्खं बाळ का नाही सोडणार?

आता हा डीएनए प्लाझ्मातून काढायचा कसा? त्यांना आठवले विद्यार्थी असताना शिजवलेले इन्स्टंट नूडल्स! त्यांनी प्लाझ्मा सरळ पाच मिनिटं उकळला. आणि पोटात मुलगा असलेल्या आयांच्या प्लाझ्मात वाय गुणसूत्राचा, म्हणजे फक्त पुरुषात असणाऱ्या गुणसूत्राचा, डीएनए मिळाला. १९९७ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे असल्या शोधाचा पहिला उपयोग कशासाठी झाला असता, ते मी सांगायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला, देशाच्याही आधी. बरं केलं. अजून कडक राबवायला हवा, पण ते असो.

तर गाठीचा डीएनए. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. त्यातल्या डीएनएमधले खास त्या गाठीचे बदल ओळखायचे आणि तेच रक्तात शोधायचे. लंडनच्या रॉयल मार्सडन या कर्करोग रुग्णालयातले डॉ. निकोलस टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५५ रुग्णांचा अभ्यास मांडला. आजार उलटल्याचं एरवी कळायच्या साधारण आठ महिने आधी रक्ताने सांगितलं होतं.

पण ऐका. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे आजार गेला, असं नाही. पुन्हा सांगते, निगेटिव्ह म्हणजे गेला, असं नाही. मेंदूत उलटलेला आजार तर रक्तात बऱ्याचदा दिसतच नाही. आणि पॉझिटिव्ह आला तर? टर्नर यांच्याच पुढच्या अभ्यासात रक्त पॉझिटिव्ह आलेल्या बऱ्याच जणींचा आजार स्कॅनमध्ये आधीच पसरलेला निघाला. लवकर कळलं म्हणून लवकर औषध दिलं, तर आयुष्य वाढतं का, हे अजून सिद्ध व्हायचंय. म्हणून जाहिरात बघून पैसे भरू नका. आधी डॉक्टरांना विचारा, "रिपोर्ट काहीही आला, तर माझ्या उपचारात काय बदलेल?" हे बाईने स्वतः विचारावं. आपल्याकडे फाइल नवऱ्याच्या काखेत आणि बाई दाराबाहेर बाकावर, हे मला अजिबात पटत नाही.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, मात्र ठरल्याप्रमाणे चालू ठेवा, आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक घरी आणले असतील तर उन्हापासून, उष्णतेपासून दूर ठेवा. पुढच्या भागात ऑपरेशननंतर हाताला येणाऱ्या सुजेबद्दल बोलू. नमस्कार.