एल्विसला नाही म्हणणारी बाई

[पडदा काळा. फक्त आवाज, मागे एकही वाद्य नाही.]

ओळखलंत ना? व्हिटनी ह्यूस्टन, १९९२, ‘द बॉडीगार्ड’ सिनेमातलं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. बहुतेकांना हे गाणं व्हिटनीचंच वाटतं, मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. पण हे कव्हर आहे, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्यानं गायलेलं.

[गिटार. डॉली पार्टनचा आवाज.]

आणि हे ओरिजिनल. डॉली पार्टन, अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरातली, बारा भावंडांतली, कंट्री म्युझिकवाली, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाची गाणी गाणारी. १९६७ पासून ती पोर्टर वॅगनर या तेव्हाच्या मोठ्या गायकाच्या टीव्ही शोमध्ये गायची, काही वर्षांनी तिला वाटायला लागलं की आता आपलं आपण गावं, पण पोर्टर काही सोडेना, नुसती भांडणं, शेवटी हिनं काय केलं तर घरी जाऊन एक गाणं लिहिलं आणि सरळ त्याच्यासमोर बसून त्यालाच ऐकवलं. पोर्टरच्या डोळ्यात पाणी. म्हणाला, जा, पण हे गाणं प्रोड्यूस मी करणार. (पुढे ह्याच पोर्टरनं तिला कोर्टात खेचलं, ते सोडा.) म्हणजे बघा, लोक लग्नात वाजवतात ते गाणं खरं तर राजीनामा आहे!

१९७४ ला रेकॉर्ड आली, कंट्री चार्टवर एक नंबर. आणि रॉक अँड रोलचा राजा एल्विस प्रेस्ली, त्याला ते गायचं होतं. साक्षात एल्विस! सगळं ठरलं, डॉली हवेत, आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर म्हणतो, पब्लिशिंगचे निम्मे हक्क आम्हाला द्या, एल्विस गातो त्या गाण्यात आमचा वाटा असतोच.

इथे जरा थांबू. गाण्याचे हक्क दोन असतात, एक रेकॉर्डिंगचा आणि एक शब्द-चालीचा, म्हणजेच पब्लिशिंगचा. तुम्ही लिहिलेलं गाणं उद्या कुणीही गायलं, कसंही गायलं, तरी शब्द-चालीचे पैसे तुम्हालाच. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का व्हायला २०१२ उजाडलं, आणि ही बाई १९७४ मध्ये त्यावरच अडून बसली.

रात्रभर रडली म्हणे. पण नाही म्हणाली.

मग १९७५ मध्ये लिंडा रॉन्स्टॅट या अमेरिकन गायिकेनं ते गायलं. १९८२ मध्ये एका सिनेमासाठी डॉलीनं स्वतःच परत गायलं, परत एक नंबर. आणि मग आली ‘बॉडीगार्ड’. तिथे आधी वेगळंच गाणं ठरलेलं, पण ते दुसऱ्या सिनेमात गेलं, तेव्हा सिनेमाचा हिरो केविन कॉस्टनर, त्यानं हे सुचवलं. सुरुवातीला वाद्यं नकोत हा हट्टही त्याचाच, आणि रेडिओवाले असलं लावतील का म्हणून कंपनीवाले धास्तावलेले.

[व्हिटनी. ड्रमचा ठोका.]

हा ठोका! येणार हे माहीत असतं तरी दचकायला होतं, आणि तिथून पट्टीच वर चढते. डॉली बरोबर उलटं करते, शेवटचं कडवं ती गातच नाही, नुसतं बोलते, जणू बॅग घेऊन दारात उभी आहे. मला विचाराल तर काटा व्हिटनी आणते, पण घशात आवंढा डॉलीमुळेच येतो.

डॉलीनं व्हिटनीचं गाणं पहिल्यांदा गाडीत, रेडिओवर ऐकलं. परवानगी दिलेली, पण विसरून गेलेली. गाडी बाजूला घ्यावी लागली तिला.

बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या मुख्य चार्टवर, व्हिटनीचं गाणं १४ आठवडे एक नंबर. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत एफएमवर गाणं लागलं की पैसे गाणाऱ्याला मिळतच नाहीत, लिहिणाऱ्याला मिळतात. म्हणजे रेडिओवर व्हिटनी जितक्यांदा वाजली तितक्यांदा चेक निघाला डॉलीच्या नावानं.

[नॅशव्हिल. रस्ता, बैठ्या इमारती.]

त्या पैशातून डॉलीनं नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत एक ऑफिस कॉम्प्लेक्स घेतलं. २०२१ मध्ये एका टीव्ही शोमध्ये तिनंच सांगितलं, आणि म्हणाली, हे घर व्हिटनीनं बांधलंय.