लोहार, फरारी, रेव्हरंड: जेम्स पेनिंग्टन

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात गुलामीत जन्मलेला आणि लोहारकामात तरबेज झालेला एक तरुण १८२७ सालच्या ऑक्टोबरात मालकाच्या घरून पळाला. त्याच्या डोळ्यांदेखत मालकाने त्याच्या वडिलांना चाबकाने फोडून काढले होते आणि त्या दिवसापासून मनाने तो गुलाम उरला नव्हता. त्याचे तेव्हाचे नाव जेम्स पेम्ब्रोक. तेच पुढचे रेव्हरंड जेम्स पेनिंग्टन.

वाटेत काही गोऱ्यांनी त्याला अडवून मुक्ततेचा दाखला मागितला. तो असणार कुठून? तेव्हा, आपण गुलामांच्या एका तांड्यातले असून तांड्याचा मालक देवीच्या रोगाने दगावला, अशी कहाणी त्याने रचली. देवीचे नाव निघताच बरेच जण लांब सरले आणि त्याच दिवशी संधी साधून तो निसटला. बावीस वर्षांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द फ्युजिटिव्ह ब्लॅकस्मिथ’ या आत्मकथनात पेनिंग्टन ही चतुराई मिरवत नाहीत. खोटे बोलावे लागल्याची बोच सांगतात आणि तो दोष गुलामीच्या पदरात घालतात. एका भुकेल्या, घाबरलेल्या पोराचा इतका कडक हिशेब त्यांनी मागायला नको होता, असे वाचताना वाटून जाते.

पेनसिल्व्हेनियात विल्यम राइट या क्वेकर (गुलामीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) गृहस्थाने त्याला घरात घेतले, न्याहारी दिली आणि लिहायला-वाचायला शिकवले. पुढे येल विद्यापीठात धर्मशास्त्राची व्याख्याने ऐकण्याची परवानगी त्यांना मिळाली, मात्र वर्गात बोलण्याची किंवा ग्रंथालयातून पुस्तक नेण्याची नव्हे. येलने त्यांना मरणोत्तर पदवी दिली ती २०२३ मध्ये.

१८३८ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी पुढे गुलामीविरोधी वक्ते म्हणून गाजलेले फ्रेडरिक डग्लस आणि ॲना मरे यांचे लग्न लावले. लग्न लावणारा आणि नवरदेव, दोघेही मेरीलँडचे फरारी गुलाम! पुढे हार्टफर्डच्या चर्चमध्ये प्रवचने देतानाही पेनिंग्टन यांनी आपले हे पूर्वायुष्य वर्षानुवर्षे झाकून ठेवले. १८४९ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग विद्यापीठाने त्यांना धर्मशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) दिली, तेव्हाही मेरीलँडच्या कायद्याने ते कुणाची तरी मालमत्ताच होते.

पळालेल्या गुलामांना मुक्त राज्यांतूनही पकडून परत देण्याची सक्ती करणाऱ्या १८५० च्या फरारी गुलाम कायद्यानंतर, तेव्हा युरोपात असलेल्या पेनिंग्टन यांना मायदेशी परतणे धोक्याचे झाले. अखेर हार्टफर्डचे वकील जॉन हुकर यांनी दिवंगत मालकाच्या वारसदारांकडून या डॉक्टर ऑफ डिव्हिनिटींना दीडशे डॉलरला विकत घेतले आणि १८५१ मध्ये मुक्तिपत्र लिहून दिले.