कमी खर्चातली कौटुंबिक सहल : पुण्याच्या बागांच्या निमित्ताने

श्रोतेहो,

सहलीचा खर्च म्हटला की आपण सर्वांत आधी प्रवेशद्वारावरच्या दरफलकाकडे पाहतो आणि माझ्या मते हिशेब तिथेच बिघडतो. पुण्यापुरते बोलायचे तर सारसबाग, संभाजी उद्यान, पाताळेश्वर आणि तळजाईची टेकडी यांपैकी कुठेही आत जायला पैसे पडत नाहीत. जिथे पडतात, तिथेही ती रक्कम एकूण खर्चात सहसा सर्वांत लहान असते. पैसे जातात ते येण्याजाण्यात, बागेबाहेरच्या खाण्याच्या गाड्यांवर आणि दमलेल्या, भुकेल्या माणसांनी ऐन वेळी घेतलेल्या निर्णयांत. आज मी प्रामुख्याने याच गोष्टींविषयी बोलणार आहे.

प्रवासाचा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांतच मांडू. घरापासून दहा किलोमीटरवरच्या ठिकाणी चौघांना जायचे आहे असे धरा. सप्टेंबर २०२२ पासूनच्या दराने रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २५ आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये पडतात, म्हणजे एका वेळचे सुमारे १७० आणि जाऊन-येऊन ३४० रुपये झाले. शिवाय रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो, त्यामुळे चौघेही मोठे असले किंवा आजी-आजोबा बरोबर असले की दुसरी रिक्षा आलीच. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीच्या बसला पाच किलोमीटरपर्यंत १० आणि दहा किलोमीटरपर्यंत २० रुपये लागतात. चौघांची पूर्ण तिकिटे काढली तरी दोन्ही वेळचे १६० रुपये होतात. इथे अनेक जण उत्साहाने ७० रुपयांचा दैनंदिन पास काढतात. चौघांचे २८० रुपये देऊन सरळ जाऊन-येणाऱ्या कुटुंबाला तो महागच पडतो. दिवसभरात तीन-चार लांबचे टप्पे करायचे असतील तरच तो परवडतो. मेट्रोचे भाडे शनिवारी आणि रविवारी सर्वांसाठी ३० टक्क्यांनी कमी असते, म्हणून शक्य असेल तिथे मी आधी मेट्रोचे स्थानक शोधावे आणि त्याच्या आसपासची बाग निवडावी असे सुचवतो. बाग आधी ठरवून मग वाहन शोधण्याची आपली नेहमीची रीत खर्चिक आहे.

या दृष्टीने दोन जागा फार सोयीच्या आहेत. पहिली जंगली महाराज रस्त्यावरची. छत्रपती संभाजी उद्यान याच नावाच्या स्थानकावर उतरावे, मुलांना बागेत मनसोक्त पळू द्यावे आणि ऊन चढण्याआधी त्याच रस्त्याने पायी पाताळेश्वरला जावे. राष्ट्रकूटांच्या काळातले, आठव्या शतकाच्या सुमाराचे हे लेणे एका अखंड कातळात कोरलेले आहे, त्याच्यासमोरचा नंदीमंडप गोलाकार आहे आणि लेण्याचे काम अपुरे राहिले आहे. दगड कुठवर कोरला आणि कुठे सोडून दिला हे मुलांना शोधायला लावले तर अर्धा तास सहज जातो. आत कातळाचा गारवाही असतो. दिवाळीच्या दिवसांत संभाजी उद्यानात किल्ल्यांच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरते. घरच्या अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना ते अवश्य दाखवावे.

दुसरी जागा स्वारगेटची. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून पिंपरी-चिंचवडच्या कुटुंबांना सारसबागेपर्यंत वाहन न बदलता येता येते. स्थानकातून पुढे थोडे चालावे लागते. तळ्यातला गणपती, सभोवतीची हिरवळ आणि शेजारचे पेशवे उद्यान एवढ्यात एक संध्याकाळ भरून निघते. पेशवे उद्यानातली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी १९५६ सालची, म्हणजे आजच्या आजी-आजोबांच्याही बालपणीची आहे. मात्र ती त्या दिवशी चालू आहे ना, हे आधी विचारून मगच मुलांना वचन द्यावे. सारसबागेत शिरायला पैसे लागत नाहीत, बाहेर पडायला लागतात, कारण दारातच भेळ आणि पावभाजी उभी असते. भेळ खाऊच नये असे मी म्हणणार नाही. त्याविना सारसबाग पाहिल्याचे समाधान कुणाला मिळते? मात्र खेळणे, फुगा, भेळ किंवा आइस्क्रीम यांपैकी काय घ्यायचे, हे घरून निघतानाच मुलांना निवडू द्यावे. स्वतः केलेली निवड मुले बहुधा पाळतात, आणि पोळीभाजीचा डबा आधीच पोटात गेलेला असेल तर एका पावभाजीत चौघांचे भागते.

आता वेळेविषयी. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. पुण्यात बागाही वामकुक्षी घेतात असे म्हणायला हरकत नाही. हे ठाऊक नसलेले कुटुंब साडेअकराला दारात पोहोचते, बंद फाटक पाहते आणि मग सावलीसाठी एखाद्या मॉलमध्ये किंवा उपाहारगृहात शिरते. दिवसाचा सगळा काटकसरीचा बेत तिथे संपतो. ज्यांना दुपारच घालवायची आहे त्यांनी रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन निवडावी. तिथे माफक प्रवेशशुल्क आहे, पण जुन्या, प्रचंड वृक्षांची आणि महाकाय वेलींची तशी सावली शहरात इतरत्र क्वचितच मिळेल. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते. फुले पाहायची असतील तर तेव्हाच जावे, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळावेत.

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाला बुधवारी सुट्टी असते. शाळेची सुट्टी बुधवारी आली की मुलांच्या आग्रहाखातर तिकडे निघालेली कुटुंबे हमखास फसतात. हा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे, त्यामुळे लहान मुले अर्ध्या वाटेत कडेवर येतात. सगळे प्राणी एकाच फेरीत पाहण्याचा हट्ट सोडावा. सर्पोद्यान आणि वाघ एवढे नीट पाहून परतले तरी सहल पुरी झाली असे समजावे. लगेच दुसरे ठिकाण जोडण्याच्या मोहाने मुले चिडचिडी होतात आणि बसऐवजी रिक्षा करावी लागते.

जागा कुटुंबाच्या वयोमानाप्रमाणे निवडावी, हेही सांगितले पाहिजे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे. पाणी, छोटे पूल आणि राखलेली हिरवळ पाहत सावकाश चालण्यासाठी ते उत्तम आहे, म्हणून आजी-आजोबांना तिथे न्यावे. चेंडू घेऊन निघालेल्या सहा वर्षांच्या मुलाची मात्र तिथे घुसमट होईल. थोड्या मोठ्या मुलांसाठी आगाखान पॅलेस पाहावा. पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकात पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते आणि मोठ्यांना रोखीने २५, तर ऑनलाइन २० रुपये पडतात, म्हणजे आईवडील आणि दोन मुलांचे कुटुंब ४० रुपयांत आत जाते. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी तिथे स्थानबद्ध होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाधी त्याच आवारात आहेत. इतिहासाच्या पुस्तकातला धडा नुकताच झालेला असेल, तर हीच वेळ आहे.

टेकड्यांचे म्हणाल, तर तळजाई आणि वेताळ टेकडी यांवर खर्च शून्य आहे, पण वर पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय गृहीत धरता येत नाही. माणशी किमान एक लिटर पाणी घरून न्यावे, पावसाळ्यात तळ न झिजलेली पादत्राणे घालावीत, उन्हाळ्यात सूर्योदयालाच चढायला लागावे आणि संध्याकाळी गेलात तर अंधार पडण्याआधी खाली उतरावे.