आधी टाकं, मग लेणं

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय छापलाय ‘सातवाहनकालीन व्यापारी मार्ग आणि बौद्ध लेणी’. तो येईलच. पण त्याआधी एका आजीबद्दल सांगते, कारण माझा खरा अभ्यास तिच्यापासून सुरू झाला.

जुन्नर परिसरात दोनशेच्या वर लेणी आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. लेण्याद्रीला तर तुम्ही सगळे गेला असाल, अष्टविनायकाच्या बसमधून. गिरिजात्मजापुढे हात जोडले, तो मंडप मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार होता, हे किती जणांच्या लक्षात आलं? हात वर करू नका, मला यादी नकोय. नवस फेडला असेल तर तोही वाया गेलेला नाही.

तर मे महिना. मी नुकतीच एम.ए. झालेली, हातात टेप, पाठीवर सॅक, आणि अकरालाच बाटली रिकामी. खांबांची मापं घेणं चाललं होतं. शेळ्या राखणारी एक आजी सावलीत बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“पोरी, सकाळपास्नं बघतीय, त्या खांबाला फीत लावून काय घावतंय?”

मी म्हटलं, “आजी, ही दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत.”

“व्हय, पांडवांची. एका रातीत कोरली. कोंबडा आरवला म्हणून ऱ्हायली.” (महाराष्ट्रातला हा कोंबडा मला एकदा भेटायला हवा. एकही लेणं त्यानं पुरं होऊ दिलेलं नाही.) मग माझ्या ओठांकडे बघून म्हणाली, “पानी प्याली का?”

करवंदीच्या जाळीमागे खडकात एक चौकोनी तोंड होतं. आत गार, काळंशार पाणी. पुढे दुसरं, त्याच्या पुढे तिसरं. “ह्ये प्यायचं. त्ये शेरडांचं. अन् त्या तिसऱ्यात हात बी घालू नको.” शिलालेखांत ‘पोढी’ हा शब्द मी तोवर शंभरदा वाचला होता. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. पण त्यातलं पाणी त्या दिवशी पहिल्यांदा प्यायले.

पुण्याला आले आणि अहवालाचा छापील तक्ता भरायला बसले. लांबी, रुंदी, खांब, शिल्प, शिलालेख, सगळ्यांना रकाने. टाक्याला रकाना नाही! मी ती सगळी टाकी ‘शेरा’ या रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरात कोंबली. वरिष्ठांकडून कागद परत आला, लाल शाईत: अनावश्यक तपशील. कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शनचा प्रश्न आहे. पण ज्यांनी लेणी कोरवली त्यांना तो तपशील अनावश्यक वाटत नव्हता. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनारानं दान काय दिलं? मूर्ती नाही, खांब नाही, पोढी. आणि तसं दगडावर लिहून ठेवलं. आपण आजही बसस्टॉपवरच्या पाणपोईवर आजोबांचं नाव घालतोच की.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं. बरं.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. किनाऱ्यावर सोपारा आणि कल्याण. कल्याणहून नाणेघाट चढलात की जुन्नर, तिथून पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं ‘पेरिप्लस’ हे समुद्री व्यापाराचं जुनं पुस्तक लिहिणारा ग्रीक सांगतो. नाणेघाटातला शिलालेख बौद्ध नाही बरं का. तो सातवाहन राणी नागनिकेचा, वैदिक यज्ञांचा आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा. तिथल्या दगडी रांजणात जकात टाकत असं गाइड सांगतात, लेखात मात्र जकातीचं अवाक्षर नाही. दुसरी वाट बोरघाटाची. पायथ्याला कोंडाणे, माथ्यावर कार्ले, भाजे, बेडसे. कार्ल्याच्या चैत्यगृहाला, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याला, देणगी देणाऱ्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी आहेत, आणि गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारीसुद्धा. आडनाव गांधी, त्याचं मूळ हेच.

लेणी व्यापारी वाटांना धरून आहेत, हे दामोदर कोसंबींनी पायी हिंडून दाखवलं. पेशानं गणिती, डेक्कन क्वीननं मुंबईला नोकरीला जाणारे. माझी भर एवढीच, की पंचांग बघा. पावसाळ्यात घाट निसरडे, तांडे बंद. नेमके तेच महिने भिक्खूंच्या वर्षावासाचे. एका जागी मुक्काम, तेवढ्यात टाकी तुडुंब. पाऊस सरला की भिक्खू चारिकेला, म्हणजे गावोगाव फिरायला, बाहेर पडणार, वाटा सुकणार, बैल घाटाला लागणार, आणि वर भरलेलं पाणी तयार. जागा निवडताना आधी पाण्याचा विचार झाला असणार, शिल्पाचा नंतर, असं माझं म्हणणं आहे.

आता पैसा, घाईत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. त्यानं 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघटनांकडे, ठेव म्हणून ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक व्याजानं. वीस भिक्खूंना वर्षाला माणशी बारा कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी. गुणाकार करा: वीस बारे दोनशेचाळीस. आणि 2000 चं वर्षाचं व्याज? तेही दोनशेचाळीस! एक दमडी इकडची तिकडे नाही. उरलेले 1000 पाऊण टक्क्यानं, त्याचा हिशेब वेगळा. लक्षात घ्या, मुद्दलाला भिक्खूंच्या संघानं हात लावायचा नाही. ते कोष्ट्यांच्या मागावर फिरत राहणार, आणि त्यांचं कापड याच वाटांनी...

हो, दिसली घंटा.

मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून बसलेत, आणि प्रश्न काय ते मला ठाऊक आहे. टाकी डोंगराच्या कड्यावर, बैल तिथवर चढत नाहीत, मग बैलांना पाणी कुठलं? काका, खालच्या ओढ्याचं, असं मी आजवर सांगत आलेय. पण चैत्रात ओढे आटतात, हे तुम्ही आता म्हणणार. चहा घेताना बोलू.